मावशीचे तीन दगड

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी भर पावसाळ्यात, सहा पोरींच्या देखत, तीन दगडांना लाथ मारली. दगड माझ्या पायात आले होते असंही नाही. मी मुद्दाम चार पावलं वाकडी चालत गेले, पदर खोचला आणि नगरहून आणलेल्या कॅनव्हासच्या बुटाने एकेक करून तिन्ही उडवले. वर पोरींना भाषण दिलं. दगडधोंड्यांपुढे वाकणं किती अडाणीपणाचं आहे, माणसाने डोळे उघडे ठेवून कसं चालावं, वगैरे. डोळे उघडे ठेवण्याबद्दल मी बोलले, हे विशेष. माझ्या नातींना वाटतं, आजी तरुणपणी मोठी धीट असणार. धीट कसली, बयांनो, मी मठ्ठ होते, आणि त्यावर शिकलेली होते.

ते दगड कोणी मांडले होते आणि कशासाठी, हे सांगायचं तर मावशीपासून सुरुवात करायला हवी.

मावशी पावसातून यायची आणि तिचे पाय कोरडे असायचे. हे ज्यांनी अकोल्याच्या पश्चिमेचा पाऊस पाहिलेला नाही, त्यांना खरं वाटणार नाही. राजूरच्या वर, डोंगराच्या पोटात आमचं गाव. तिथे आषाढ लागला की जमीन आणि पाणी यांतला फरक राहत नाही. भाताची खाचरं भरतात, बांध फुटतात, पायवाटांचे ओहोळ होतात. माणसं गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरात शिरतात. आणि त्यातून ही पन्नाशीची, काटकुळी, काष्टा घट्ट मारलेली बाई, डोक्यावर पानांचं इरलं, काखेत पत्र्याचा डबा, तीन कोस चालून दारात उभी राहायची, तर पोटरीवर शिंतोडा नसायचा. अख्खा मुलूख तिला कोरडी मावशी म्हणायचा. तिचं खरं नाव मला दोन महिने माहीत नव्हतं.

मिशनचा राजूरला छोटा दवाखाना होता. तिथली औषधं वाड्यावस्त्यांवर पोचवायची, हे मावशीचं काम. डब्यात कोयनेलच्या पुड्या, आयोडीनची बाटली, धुतलेल्या पट्ट्या. लढाईचे दिवस होते, कोयनेल मिळणं मुश्किल झालेलं. एक पुडी भिजली की एका माणसाचा ताप तसाच राहिला. म्हणून डबा कोरडा राहिला पाहिजे, डबा कोरडा राहायचा तर मावशीने पडता कामा नये, आणि पडायचं नाही तर वाट कोरडी हवी. पण पाय कशाला कोरडे हवेत, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वल्ल्या पायानं आत गेलं का आजारी मानूस उठून बसतं, बाई. म्हनतं, आदी शेकाला बस, च्या घे. मंग त्याचा ताप ऱ्हातो बाजूला आन् माझीच सरबराई."

मी नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मास्तरीण. गावात मिशनने मुलींचा वर्ग काढायचं ठरवलं आणि मला पाठवलं. एकट्या मुलीला राहायला घर कोण देणार, म्हणून मावशीच्या घरात माझी सोय झाली. मावशी विधवा. चार लेकरांतली तीन लहानपणीच गेलेली. उरलेली एक, रूथ, खाली अकोल्याच्या अंगाला एका ख्रिस्ती कुटुंबात दिलेली. तेव्हा घरात मावशी, मी, एक शेळी आणि छपरातून गळणारं पाणी.

पहिल्या दिवशी मावशी मला आणायला राजूरला आली होती. माझ्याजवळ पत्र्याची पेटी, छत्री आणि ते बूट. पेटी तिने डोक्यावर घेतली. मी पहिल्या कोसात तीनदा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा ती थांबली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, तुमी पडता लई शिस्तीत. आदी छत्री, मंग तुमी." पुढे डोंगराच्या सोंडेवर वारा लागला, छत्री उलटी झाली, हातातून सुटली आणि दरीत तरंगत गेली. मी रडवेली झाले. मावशी दरीकडे बघत म्हणाली, "जाऊ द्या. तिला तिची वाट घावली."

त्या दिवसापासून मी तिच्या मागे चालायची एक युक्ती काढली. तिच्या टाचांवर नजर ठेवायची. टाच जिथे पडेल तिथे आपला बूट. आजूबाजूला बघायचंच नाही. या युक्तीचा मला फार अभिमान होता. तिने काय पाहून ती टाच तिथे टाकली, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. तिच्याबरोबर निदान दहा वेळा त्या वाटांनी गेले असेन, आणि तिच्या भेगाळलेल्या टाचांखेरीज काही पाहिलं नाही.

ती बघायची ते नंतर कळलं. सकाळी उठली की आधी ओट्यावर यायची आणि समोरच्या कड्यावरच्या पांढऱ्या रेघा मोजायची. रेघा म्हणजे धबधबे. पाच असले तर खालची वाट दिवसभर चालायची. सात दिसले की दुपारी ओढा चढणार. गावात उघडीप असली तरी तिला फसवता यायचं नाही. "पाऊस वर पडून ऱ्हायलाय. पानी वाटंला लागलंय, यायला दुपार हुईल," म्हणायची, जणू पाहुणाच येणार आहे. खेकडे काठ सोडून वर सरकलेत का बघायची. बांधावरून जाताना मधोमध पाय टाकायची नाही, कारण खेकड्यांनी बांध आतून पोखरलेला असतो. कडेच्या गवताच्या मुळांवरून जायची. लव्हाळा दिसला की खाली दलदल, म्हणून वळसा. मुरमाड उतारावर तेरडा दिसला की सरळ. हिरवा झालेला कातळ काठीने ठोकून, त्याला "तू ऱ्हा" म्हणून बाजूने निघून जायची. वाटेशी, पाण्याशी, कातळाशी सारखी पुटपुटत असायची. घरी आल्यावर मात्र मुकाट.

गावाखाली अर्ध्या कोसावर एक फाटा होता. खालून येणाऱ्या माणसाला तिथे दोन वाटा लागायच्या. एक खालची, जवळची, ओढ्याकाठाने येऊन ओढा ओलांडणारी. दुसरी वरची, सोंडेवरून, चढाची, लांबची, पण कोरडी. ओढा चढणार असला की मावशी खालच्या वाटेच्या तोंडाशी तीन दगड मांडायची आणि त्यांच्यात निर्गुडीची डहाळी खोचायची, शेंडा वरच्या वाटेकडे. म्हणजे खालची बंद. दगड नसले की खालची मोकळी. मुलखातल्या झाडून सगळ्या माणसांना हे ठाऊक होतं. नियमही ठरलेला. ज्याने त्या दिवशी पाणी पाहिलं त्याने मांडायचं, आणि पाणी उतरल्यावर त्यानेच काढायचं. बाकी कोणी हात लावायचा नाही. हे इतकं सगळ्यांना ठाऊक होतं की मला सांगायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

मी पाहिलं ते एवढंच. एके दिवशी चालता चालता पुढच्या टाचा थांबल्या. मी मान वर केली, तर मावशी तीन दगडांपुढे वाकलेली, हातात पाला, ओठ हलतायत. मिशनची बाई, रविवारी पहिल्या ओळीत बसून गाणी म्हणणारी, आणि रानात दगडांची पूजा करते. मी काही बोलले नाही. मनात मात्र ठरवलं, हिला यातून बाहेर काढायचं. एकोणीस वर्षांची मी, आणि जिच्या घरचं जेवत होते तिला सुधारायला निघाले होते.

त्याच सुमाराला रूथचं यायचं ठरलं. पहिलं बाळंतपण, आठवा महिना. सासरच्यांनी श्रावणातल्या एका शनिवारी तिला दिराबरोबर पोचवायचं कबूल केलं होतं. त्या पंधरा दिवसांत मावशी वेगळीच बाई झाली. बाजेला नवं सुंभ विणलं. राजूरच्या बाजारातून डिंक आणि अळीव आणून गाडग्यात बांधून ठेवले. कोरड्या शेण्या आणि लाकडं माळ्यावर रचली. घरात न गळणारा कोपरा एकच होता आणि तिथे माझी पेटी होती. ती तिने उचलून गळत्या कोपऱ्यात नेली आणि बाज तिथे टाकली. मी दोन दिवस घुश्शात होते. तिने ते ओळखलं. म्हणाली, "बाई, पेटीला ताप येत न्हाई. बाळंतिणीला येतो." मी हसले नाही. आता हसू येतं.

रूथला निरोप गेला होता, वाटेचा. मावशीने राजूरच्या बाजारात तिच्या गावच्या माणसाजवळ सांगून ठेवलं होतं: फाट्यावर बघून ये, मी सकाळी पाणी बघून ठेवीन. रूथ त्या खुणांवरच वाढलेली पोर. आई घरी नसली की फाट्यावरचे दगड बघून खालच्या शाळेतून परत यायची.

त्या शनिवारी पहाटे मावशीने रेघा मोजल्या. फाट्यावर जाऊन दगड मांडले आणि तशीच वरच्या एका वाडीला तापाचे तीन रोगी बघायला गेली. जाताना मला म्हणाली, "रूथी दुपारपतूर यील. तांदूळ धुऊन ठिवलेत, तेवढे चुलीवर ठिवा." मी हो म्हटलं. सकाळी ऊन पडलं. इतक्या दिवसांनी ऊन पाहून मला पोरींना रानातली पानं गोळा करायला न्यायचं सुचलं. झाडांचा धडा होता. हिंडत हिंडत आम्ही फाट्यावर गेलो.

तिथे ते तीन दगड. ताजी डहाळी. खाली मुरमाचा लाल राडा, मला तो शेंदूर वाटला. मी चार पावलं वाकडी चालत गेले.

पोरींतली मोठी, सोनी नावाची, पुढे आली आणि म्हणाली, "बाई, मावशीनं ठिवल्यात ते."

"म्हणून तर," मी म्हणाले. मग भाषण. डहाळी उचलून मी ओढ्याच्या बाजूला फेकली. सोनीने दुसऱ्या एका पोरीकडे पाहिलं. त्या पोरीने मान खाली घातली. मास्तरणीपुढे बोलायची पद्धत नव्हती, आणि दगड परत मांडायचे तर ज्याने पाणी पाहिलं त्यानेच मांडायचे. नियमाने बांधलेल्या त्या सहा पोरी माझ्या मागून मुकाट घरी आल्या. मला वाटलं, धडा चांगला पोचला.

दुपारी रूथ आणि तिचा दीर, राजूरला रात्र काढून, फाट्यावर आले. दिराने, त्यानेच हे नंतर सांगितलं, वर डोंगरावरचं आभाळ पाहिलं. वहिनी, वरून जाऊ, म्हणाला. रूथने फाट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईनं काई ठिवलं न्हाई. म्हंजी खालची मोकळी हाय." चढ तिला झेपत नव्हता, पायाला सूज होती. आई आपला विचार करूनच पाणी बघते, हे तिला माहीत होतं. ओढ्यात उतरले तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. मध्यावर पोचले तेव्हा वरचं पाणी आलं.

दिराने तिला ओढून काढलं. झाडाच्या मुळीला धरून दोघं काठाला लागली. गावकऱ्यांनी तिला बाजेवर घालून घरी आणलं तेव्हा ती थंडगार झाली होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. मी तांदूळ चुलीवर ठेवायचे विसरले होते. सोनी वरच्या वाडीला मावशीला आणायला पळाली. मावशी आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचे पाय मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले पाहिले. ती वाट न बघता आली होती.

मुलगा झाला. रडला नाही. मावशीने त्याला बराच वेळ उलटं धरलं, चोळलं, तोंडात फुंकलं. मग नव्या दुपट्यात गुंडाळून रूथच्या कुशीत ठेवलं आणि बाहेर येऊन शेळीपाशी उभी राहिली.

रूथ आठ दिवस होती. पहिले तीन दिवस तापात. चौथ्या दिवशी तिने आईला विचारलं. मी दारात बसून कंदिलाची काच पुसत होते, मला सगळं ऐकू आलं.

"आई, पानी बघाया गेल्तीस का तू?"

मावशीने अळिवाची वाटी तिच्या तोंडाशी धरली.

"आई, मी इचारते. खूण का न्हाई ठिवली?"

मावशीची पाठ माझ्याकडे होती. ती वळली नाही. तिने एवढंच म्हटलं, "चुकलं माझं."

रूथने वाटी बाजूला सारली. आठव्या दिवशी सासू आणि नवरा येऊन तिला घेऊन गेले. सासू दारात म्हणाली, जगाला वाट दाखवती आन् लेकीला पाण्यात घालती. मावशीने तिच्या हातात डिंकाचं गाडगं दिलं. तिने ते ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली. रूथने मागे वळून पाहिलं नाही. वरच्या वाटेने गेली.

मी अजून काही बोलले नव्हते. मला तोवर समजलं होतं. सोनीच्या आईने सोनीला माझ्यादेखत बदडलं होतं, ती खूण आहे हे बाईंना का सांगितलं नाहीस म्हणून, आणि त्या माराच्या आवाजात मला सगळं समजलं होतं. पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगते. संध्याकाळी मावशी भाकरी वाढायची, मी खायची. शेवटी एकदा मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी म्हणाले, मावशी, ते दगड मी...

"ठावं हाय," ती म्हणाली. "बुटाचा ठसा हुता तिथं. जाळीजाळीचा. ह्या डोंगरात तसा बूट येकच हाय." आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

मी रडायला लागले. म्हणाले, मी रूथला जाऊन सांगते. तिच्या पाया पडते.

मावशीने चूल सारखी केली. मग म्हणाली, "तुमी तिथं गेलात का तिच्या सासरी बोभाटा हुईल. तिथनं मिशनात जाईल. तुमाला परत नगरला पाठवतील आन् दुसरी बाई ह्या पावसात हितं येनार न्हाई. साळा बंद. पोरी जातील गुरांमागं. सोनीला वाचाया येतंय आता. पोरींच्या आयांना बी मी गप ऱ्हायला सांगितलंय." वर म्हणाली, "माझी लेक हाय ती. किती दिस रुसंल? दिवाळी न्हाईतर नाताळ."

आता जे लिहिते ते कधीच लिहिलं नसतं, पण मी म्हातारी झाले आहे आणि माझी मलाच भीड उरलेली नाही. मावशीने मला जाऊ नको म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं. रडता रडता बरं वाटलं. मी तिचा शब्द मोडला नाही, असं स्वतःला सांगत राहिले. तिचा शब्द पाळणं इतकं सोयीचं होतं.

दिवाळी गेली, नाताळ गेला. मावशीने नाताळात राजूरहून केळी आणली होती, रूथला आवडतात म्हणून. ती काळी पडली. पुढच्या वर्षी मावशीने मला शिकवायला घेतलं. टाचांकडे बघायचं नाही, अशी पहिली अट. मला पुढे चालायला लावायची आणि स्वतः मागून यायची. मी चुकले की काठीने माझ्या पोटरीला टोचायची. "काय दिसतंय?" विचारायची. मी म्हणायची, गवत. "कोनचं?" मी म्हणायची, हिरवं. त्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या आषाढात मला लव्हाळा आणि साधं गवत वेगळं कळायला लागलं. बूट मी केव्हाच टाकून दिले होते, अनवाणी चालायची. फाट्यावर दगड मांडायचं काम तिने माझ्याकडे दिलं. पहिल्यांदा मी एकटीने तिन्ही मांडले. ती पाठीमागे उभी राहून म्हणाली, "नीट बसवा. हालतोय मधला." त्याच्यापलीकडे त्या जागेबद्दल ती कधी बोलली नाही.

कोणीतरी बाजारात सांगितलं की रूथला मुलगी झाली. मावशीने माझ्या जुन्या पोलक्याचं कापड मागून घेतलं आणि कुंची शिवली. माणसाबरोबर पाठवली. पोचली की नाही ते कळलं नाही. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, दिली की. कोणाला दिली, ते त्याने सांगितलं नाही आणि मावशीने विचारलं नाही. मात्र त्यानंतर शनिवारी ती कुठे बाहेरची फेरी घ्यायची नाही. ओट्यावर निवडटिपण करत बसायची. खालून कोणी येताना दिसलं की सूप थांबायचं. मग परत चालू व्हायचं.

मधे लढाई संपली, स्वराज्य आलं, राजूरला मिरवणूक निघाली. मावशी गेली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात, चैत्रात, सगळी रानं करपलेली असताना. सात दिवस ताप. तिच्याच डब्यातल्या पुड्या मी तिला दिल्या. ती भ्रमात वाटांची नावं घ्यायची. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. रूथला बोलवू का विचारलं तर म्हणाली, "उनाचं नगं. लेकरू काखंला आसंल." मी तरी माणूस पाठवला. रूथ पोचली तेव्हा माती लोटून झाली होती. ती थडग्याशी बसली, नवरा आणि सासू मागे उभे. मी दहा पावलांवर होते. तोंड उघडलं, आणि सासूचा चेहरा बघून मिटलं. तीसुद्धा माझी एक लाथच म्हणायची.

मग पावसाळा लागला, आणि मला त्या घरात राहवेना. सोनी तोवर अकोल्याला पुढच्या शाळेत गेली होती. शाळा आता एका माणसावर उभी नव्हती, मिशनने दुसरे मास्तर दिले होते. मला झाकायला कारणच उरलं नाही. एका सकाळी मी एकटीच निघाले. रूथच्या गावापर्यंत दोन दिवसांची चाल. एक रात्र राजूरला काढली. मावशीने शिकवलेलं सगळं आठवत गेले, तरी दोन ठिकाणी घसरले.

रूथ ओसरीवर तांदूळ निवडत होती. सासू शेतावर गेलेली. दोन वर्षांची मुलगी तिच्या पाठीला धरून उभी होती, नाक अगदी मावशीचं. रूथने मला ओळखलं. उठून पायावर पाणी घातलं, बसायला घोंगडी दिली. मी घोंगडीवर बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बूट, दगड, डहाळी, पोरी, भाषण, सगळं. काहीही गाळलं नाही. मला वाटलं होतं, ती ओरडेल, निदान सूप माझ्या अंगावर टाकेल. मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना.

तिचे हात थांबले होते. तिने विचारलं, "आईला ठावं हुतं? तुमीच ते?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"आन् तरी तुमाला जेवू घालायची?"

"हो. रोज."

मुलगी सुपातले तांदूळ मुठीने जमिनीवर टाकत होती, रूथने तिला अडवलंही नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज चालला होता. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली:

"बाई, येवढ्या मुलखाच्या वाटा आईच्या ध्यानात ऱ्हायच्या. मला वाटलं, मीच तेवढी ऱ्हायले न्हाई. चार वर्सं मी तेच धरून बसले, तिला पोरगी बी दावली न्हाई. तुमी आता सांगून मोकळ्या झालात. मी कुनाला सांगू?"